फॅक्ससाठी स्कॅनस्नॅप आयएक्स १६०० : बडोद्याच्या ऑफिसांपुरतं एक परीक्षण

बडोद्यात आज फॅक्स कोणाला लागतो? अमेरिकेतल्या दवाखान्यांचं बिलिंग सांभाळणाऱ्या ऑफिसांना, तिकडच्या कंपन्यांची कागदपत्रं करणाऱ्या सीए मंडळींना, आणि परदेशातल्या एखाद्या बँकेने ‘सही करून फॅक्स करा’ म्हणून कळवलेल्या कोणालाही. दांडिया बाजारात किंवा फत्तेगंजला झेरॉक्सच्या दुकानावर फॅक्सची पाटी दिसली, तरी आत जाऊन मशीन चालू आहे का ते आधी विचारावं. पाटी उतरवायचं राहून गेलेलं असतं.

ऑफिसातलं जुनं मशीनही बहुतेक आता उपयोगाचं नसतं, आणि त्यात मशीनचा दोष नाही. तांब्याची तार जाऊन फायबर आलं. फायबरवरच्या फोनमध्ये आवाजाची छोटी छोटी पाकिटं करून पाठवतात. त्यातलं २० मिलिसेकंदांचं एक पाकीट हरवलं तर कानाला पत्ता लागत नाही. फॅक्स मात्र सेकंदाला १४,४०० बिट या वेगाने बोलत असतो, म्हणजे तेवढ्यात त्याचे २८८ बिट गेले. मग पान अर्ध्यावर तुटतं किंवा ओळींवर पट्टे येतात. मशीनच वापरायचं असेल तर वेग ९,६०० वर आणावा, चूक-दुरुस्तीचा ईसीएम मोड बंद करून बघावा आणि फोन देणाऱ्या कंपनीला टी.३८ चालतं का ते विचारावं. टी.३८ मध्ये आवाजाऐवजी फॅक्सचा डेटाच थेट जातो, म्हणून ते टिकतं. एवढी खटपट करायची नसेल तर इंटरनेट फॅक्स बरा: आपण पीडीएफ द्यायची, समोरच्या फॅक्सला फोन लावायचं काम सेवा देणाऱ्याच्या यंत्रणेचं.

आता प्रश्न राहतो पीडीएफ कशी करायची याचा, आणि हे परीक्षण त्याबद्दलच आहे. मोबाइलवर काढलेला फोटो, झेरॉक्स मशीनचा स्कॅन आणि टेबलावरचा डॉक्युमेंट स्कॅनर या तिघांपैकी फॅक्सच्या कामाला तिसराच खरा उपयोगी पडतो. त्यातही या वर्गात पटकन नाव घेतलं जातं ते स्कॅनस्नॅप आयएक्स १६०० चं.

यंत्राची ओळख थोडक्यात. हे पीएफयू या जपानी कंपनीचं मॉडेल २०२१ साली आलं. आधी त्यावर फुजित्सूचं नाव होतं, आता रिकोचं असतं, त्यामुळे दुकानात दोन वेगळे डबे दिसले तर गोंधळू नये. ट्रेमध्ये एका वेळी ५० कागद बसतात. मिनिटाला ४० कागद दोन्ही बाजूंनी, म्हणजे ८० बाजू वाचल्या जातात. वर ४.३ इंचांचा टच स्क्रीन आहे, वाय-फाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही चालतं, वजन ३.४ किलो. टेबलाच्या कोपऱ्यात मावतो. कागद घालताना छापील बाजू स्कॅनरकडे आणि डोकं खाली ठेवायचं. पहिल्या दिवशी सगळ्यांचं हे उलटं होतं.

यंत्र चांगलं आहे, पण डब्यातून काढल्यावर ते ज्या सेटिंगवर असतं, त्या सेटिंगवर त्यातून फॅक्स करू नये.

कारण फॅक्सला राखाडी रंग कळत नाही. तो फक्त काळा ठिपका आणि पांढरा ठिपका जाणतो. एका ओळीत १,७२८ ठिपके. साध्या मोडमध्ये दर मिलिमीटरला ३.८५ ओळी आणि ‘फाइन’मध्ये ७.७. इंचाच्या हिशोबात २०४ गुणिले ९८ आणि २०४ गुणिले १९६. ए-फोर पान फाइनमध्ये पाठवलं तर सुमारे ३९.५ लाख ठिपके होतात. ते जसेच्या तसे १४,४०० च्या वेगाने पाठवायचे म्हटले तर एका पानाला साडेचार मिनिटं लागतील. टाइप केलेलं पान अर्ध्या मिनिटात जातं, कारण फॅक्स ठिपके मोजून पाठवतो: इतके पांढरे, मग इतके काळे, मग पुन्हा इतके पांढरे. पांढऱ्या समासाची अख्खी ओळ एका लहानशा खुणेत संपते.

रंगीत किंवा राखाडी पीडीएफ सेवेकडे गेली की ती काय करते? प्रत्येक फिकट छटेच्या जागी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी काढते. कागदाचा पिवळटपणा, स्टॅम्प पेपरची नक्षी, घडीची सावली, सगळ्याची रांगोळी. आता ‘एक काळा, एक पांढरा, दोन काळे’ असं मोजावं लागतं आणि मोजणीची खूण ठिपक्यांपेक्षा लांब होते. पान तीन-चार मिनिटं घेतं, मिनिटांवर पैसे घेणारी सेवा असेल तर बिल वाढतं, लाइन तुटायची शक्यता वाढते, आणि एवढं करून समोर पोचतं ते मुंग्या सांडल्यासारखं पान. मोबाइलवरच्या फोटोचं नेमकं हेच होतं: कोपऱ्यातली सावली तिकडे काळा डाग होऊन उतरते.

म्हणून काळं-पांढरं करायचं काम सेवेवर सोडू नये, स्कॅनरवरच करावं. स्कॅनरच्या ‘स्कॅनस्नॅप होम’ या सॉफ्टवेअरमध्ये ‘फॅक्स’ नावाचं वेगळं प्रोफाइल बनवावं, म्हणजे टच स्क्रीनवर त्याचं बटण येतं आणि ऑफिसातला कोणीही न चुकता तेच दाबतो. त्यात रंग ‘ऑटो’ न ठेवता ब्लॅक अँड व्हाइट. ऑटोवर ठेवलं की निळा शिक्का दिसताच तो अख्खं पान रंगीत करून टाकतो. स्कॅनिंग एकाच बाजूचं. फाइल पीडीएफ, साठवायची एका ठरलेल्या फोल्डरमध्ये. कोरी पानं आपोआप गाळण्याचा पर्याय बंद, कारण ज्या पानावर वर कोपऱ्यात फक्त एक फिकट शिक्का आहे, ते पानही त्याला कोरं वाटू शकतं.

दर्जाची निवड जरा समजून करावी. या यंत्रात ‘नॉर्मल’ म्हणजे रंगीतला १५० डीपीआय (इंचाला तेवढे ठिपके), पण ब्लॅक अँड व्हाइटला ३००. त्याच्या वरची पायरी म्हणजे रंगीतला २०० आणि ब्लॅक अँड व्हाइटला ४००. फॅक्ससाठी ही ४०० ची पायरी घ्यावी. जास्त म्हणजे चांगलं या न्यायाने नव्हे, तर भागाकार सरळ जातो म्हणून. ४०० चे २०४ करताना जवळजवळ दोन ठिपक्यांचा एक होतो. ३०० चे २०४ करताना दीड ठिपक्याचा एक करावा लागतो, आणि मग एकाच अक्षराची एक उभी रेघ जाड, दुसरी बारीक अशी तऱ्हा होते. त्याहून वरचे दर्जे इथे निव्वळ वाया जातात.

यापुढचं काम ब्राइटनेसच्या पट्टीचं, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. जुन्या पातळ कागदावर मागची छपाई पुढे उमटते. तिथे ब्राइटनेस वाढवला की ती जाते. पण त्याच झटक्यात फिकट निळ्या जेल पेनाची सहीही जाऊ शकते. कार्बन कॉपी, डॉट मॅट्रिक्सवरची जुनी पावती, पेन्सिलीच्या नोंदी यांना उलट गडदाकडे न्यावं लागतं. एकाच गठ्ठ्यात दोन्ही प्रकार असतील तर दोन प्रोफाइल करून वेगवेगळे स्कॅन करावेत आणि पीडीएफ जोडावी. सही अजून व्हायची असेल तर प्रश्नच नाही: काळं बॉलपेन द्यावं. शाईचं निळं पेन आणि व्हाइटनर, दोन्ही टेबलावरून उचलून ठेवावीत.

गुजराती किंवा मराठी मजकूर पाठवायचा असेल तर सेवेत फाइन मोड हवाच. अनुस्वाराचा टिंब जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. साध्या मोडमध्ये त्याच्या वाट्याला एक-दोनच ओळी येतात, आणि तेवढ्यात तो ओळखू येईलच असं नाही. जुना शाळा सोडल्याचा दाखला गुजरातीत असेल, तर नावातला अनुस्वार गेलेला चालेल, पण जन्मतारखेच्या आकड्याची शेपटी गेली तर पुढचा सगळा पत्रव्यवहार वाढतो. आठ पॉइंटातला आकडा सुमारे दोन मिलिमीटर उंच असतो: साध्या मोडमध्ये सात-आठ ओळी, फाइनमध्ये पंधरा. ६ आणि ८ मधला फरक पंधरा ओळींत दिसतो, सातांत दिसेलच असं नाही.

आकड्यांवरून आठवलं, या प्रकारच्या स्कॅनरचा सर्वांत त्रासदायक दोष काचेवरचा कण. इथे कागद सरकतो आणि सेन्सर जागच्या जागी असतो. त्यामुळे काचेच्या अरुंद पट्टीवर एक कण बसला की वरपासून खालपर्यंत सरळ उभी रेघ येते, प्रत्येक पानावर, त्याच जागी. स्क्रीनवर रंगीत पानात ती केसासारखी दिसते, नजरेत भरत नाही. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये तीच ठसठशीत काळी होते, आणि खाते क्रमांकातल्या ३ च्या डाव्या अंगाला टेकून गेली तर तिकडचा माणूस ८ वाचतो. रोज पहिला फॅक्स करायच्या आधी एक कोरा पांढरा कागद ‘फॅक्स’ प्रोफाइलवर स्कॅन करावा. रेघ दिसली तर झाकण उघडून काचेच्या दोन्ही पट्ट्या मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसाव्यात. कण बहुतेक वेळा व्हाइटनरचा वाळलेला पापुद्रा किंवा स्टिकरचा डिंक निघतो. नखाने किंवा पिनेने खरवडू नये. ओरखडा पडला की ती रेघ कायमची.

पावसाळ्यात वेगळीच तक्रार सुरू होते. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कागद एकमेकांना चिकटतात आणि दोन एकदम आत ओढले जातात. यात अल्ट्रासॉनिक सेन्सर आहे, तो दोन कागद ओळखून थांबतो, आणि ते बरंच आहे, कारण फॅक्समध्ये गाळलेलं पान कोणाच्या लक्षात येत नाही. गठ्ठा घालण्याआधी पत्ते पिसल्यासारखा फुलवून घ्यावा, टाचण्या काढून घड्या सरळ कराव्यात. मात्र फोटो चिकटवलेल्या फॉर्मला हाच सेन्सर ‘दोन कागद’ समजून अडवतो. तेवढ्यापुरती ही तपासणी बंद करावी आणि नंतर आठवणीने चालू करावी. रोलरसाठी कंपनीची सूचना दोन लाख कागद किंवा एक वर्ष अशी आहे. पाच-पंचवीस पानं रोज करणाऱ्याने वर्षाच्या अटीला घाबरायचं कारण नाही. कागद घसरायला लागले की आधी रोलर पुसावा, तरीही घसरले तर बदलावा.

आता या यंत्राची खरी उणीव. त्याला ट्वेन ड्रायव्हर, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरला स्कॅनर थेट चालवू देणारी जोडणी, नाही. बिलिंगच्या किंवा ऑफिसच्या काही सॉफ्टवेअरमध्ये ‘स्कॅन करून फॅक्स करा’ असं एकच बटण असतं. त्या बटणाला स्कॅनस्नॅप दिसतच नाही. आधी फोल्डरमध्ये फाइल करायची, मग ती उचलून लावायची. दिवसाला पाच फॅक्स असतील तर याचं काही वाटत नाही, पन्नास असतील तर माणूस कंटाळतो. शिवाय ट्वेन असलेल्या स्कॅनरवर थेट २०० डीपीआय, ब्लॅक अँड व्हाइट निवडता येतं, म्हणजे स्क्रीनवर दिसतं ते जवळपास तसंच पोचतं. निव्वळ फॅक्ससाठीच घ्यायचा असेल तर एप्सन, कॅनन, ब्रदर यांचे ट्वेनवाले मॉडेल किंवा याच कंपनीची एफआय मालिका बघावी. आयएक्स १६०० त्यांनी घ्यावा ज्यांना पावत्या, करार, फाइली असं सगळंच स्कॅन करायचं आहे आणि फॅक्स हे त्यातलं एक काम आहे. महिन्याला दोन फॅक्स करणाऱ्याने स्कॅनर घेऊच नये.

विंडोजमधल्या ‘फॅक्स अँड स्कॅन’च्या नावाला भुलू नये. ते इंटरनेटवरून फॅक्स पाठवत नाही; त्याला फॅक्स मॉडेम आणि फोनची लाइन लागते.

सेवा निवडताना एकदोन गोष्टी नेमक्या बघाव्यात. अमेरिका आणि कॅनडासाठी फॅक्सझिरोसारखी फुकट सेवा आहे: तीन पानं अधिक कव्हर, दिवसाला पाच फॅक्स, आणि कव्हरवर त्यांची जाहिरात. एखाद-दुसऱ्या फॉर्मला पुरते. रुग्णाची माहिती असेल तर फुकटच्या वाटेला जाऊ नये. रुग्णांच्या माहितीची गोपनीयता सांभाळणाऱ्या अमेरिकेच्या १९९६ च्या हिपा कायद्याखाली दवाखान्याचं काम करणाऱ्याला सेवा देणाऱ्याशी ‘बिझनेस असोसिएट’ करार लागतो, आणि पाठवलेल्या फाइली त्यांच्या सर्व्हरवर किती दिवस राहतात, आपल्याला पुसता येतात का, हेही लेखी मागावं.

ईमेलवरून पाठवायची सोय असेल तर पत्त्यात फॅक्स नंबर आणि पुढे सेवेचं नाव असतं. ज्या ईमेलवरून पाठवता तो आधी सेवेकडे नोंदलेला हवा, नाहीतर फॅक्स गुपचूप नाकारला जातो. ईमेलखालची सही, कंपनीचा लोगो, ‘कागद वाचवा’ची हिरवी ओळ हे सगळं कव्हर पानावर उतरू शकतं, फॅक्सच्या ईमेलमध्ये मजकूर कोरा ठेवावा. पासवर्ड लावलेली पीडीएफ जात नाही. कॉम्प्युटरवर रकाने भरलेला फॉर्म तसाच पाठवला तर कधी कधी रकाने रिकामे पोचतात. तो आधी ‘प्रिंट टू पीडीएफ’ करून घ्यावा.

नंबर लिहिताना देशाचा कोड, मग गावाचा, आधीचं शून्य नाही. बडोद्याचा ०२६५ बाहेरून ९१ २६५ होतो. जर्मनी-जपानलाही शून्य गाळायचं, इटलीला मात्र ठेवायचं. अमेरिकेचे ८०० किंवा ८५५ ने सुरू होणारे टोल-फ्री नंबर इथल्या फोनवरून बहुधा लागत नाहीत. सेवेची यंत्रणा अमेरिकेतून फोन लावत असेल तर लागतात. इंटरनेट फॅक्सचा हा एक फायदा कोणी सांगत नाही.

तिकडचा कागद लेटर आकाराचा, २१६ गुणिले २७९ मिलिमीटर. आपलं ए-फोर २९७ लांब. हे १८ मिलिमीटर कुठे जातात ते समोरच्या मशीनवर अवलंबून: एखादं मशीन पान लहान करतं, एखादं खालचा भाग दुसऱ्या कागदावर टाकतं, एखादं सरळ कापतं. आणि सही तर आपल्याकडे पानाच्या तळाशीच करायची पद्धत. खालचे दोन सेंटिमीटर मोकळे ठेवावेत, नाहीतर पीडीएफ लेटर आकारात बसवून घ्यावी. वर फॅक्सची स्वतःची ओळही छापली जाते, तिलाही थोडी जागा लागते.

‘सेंट’ असा ईमेल आला म्हणजे काम झालं नाही. त्यातली पानांची संख्या आपल्या गठ्ठ्याशी जुळवावी आणि समोरच्या मशीनने सांगितलेली ओळख बघावी. ती ओळख तिकडच्या माणसाने स्वतः भरलेली असते, जुनी किंवा रिकामीही असते, तरी अगदीच परक्या कंपनीचं नाव दिसलं तर नंबर पुन्हा तपासावा. पान मिळाल्याची खूण ही यंत्राने यंत्राला दिलेली असते. ते मेमरीत बसलं आणि तिथे कागद संपलेला असला तरी खूण येतेच. बारापैकी सातव्या पानावर लाइन तुटली तर काही सेवा पुन्हा पहिल्यापासून पाठवतात आणि तिकडे पहिली सहा पानं दोनदा पोचतात. म्हणून प्रत्येक पानावर ‘७ / १२’ असा आकडा हाताने का होईना घालावा. सतत बिझी येत असेल तर वेळ बदलावी: उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारचे बारा म्हणजे न्यूयॉर्कला रात्रीचे अडीच, तेव्हा मशीन मोकळं असतं.

सीए मंडळींसाठी एक वेगळी सूचना. अमेरिकेत नोंदवलेल्या कंपनीचा ईआयएन (तिकडचा कंपनीचा कर-क्रमांक) काढताना, मालकाकडे तिकडचा सोशल सिक्युरिटी नंबर किंवा आयटीआयएन (तो नंबर न मिळणाऱ्यांसाठीचा कर-क्रमांक) नसेल तर ऑनलाइन अर्ज करता येत नाही; ईआयएनच्या अर्जाचा एसएस-४ फॉर्म फॅक्सने किंवा टपालाने जातो. फॅक्सचं उत्तर हवं असेल तर फॉर्मवर आपला फॅक्स नंबर द्यावा लागतो. फुकट सेवा फक्त पाठवते, तिच्यात घेण्यासाठी नंबर नसतो. अर्ज नीट पोचतो, क्रमांकही निघतो, आणि तो ज्या नंबरवर यायचा तो नंबरच नसतो. असा फॉर्म पाठवायच्या आधी फॅक्स घेणारा नंबर देणाऱ्या सेवेची निदान दोन महिन्यांची वर्गणी भरावी, बाहेरून त्या नंबरवर एक पान पाठवून बघावं, आणि ते आलं की मगच तो नंबर एसएस-४ वर लिहावा.